बिनतारी यंत्राची निवड

संगणकाला बिनतारी जाळ्याशी जोडणारी, बोटाएवढ्या लांबीची एक डबी भारतात पुष्कळ वर्षे विकली गेली. टीपी-लिंक कंपनीची टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे तिचे नाव. एक लहानशी अँटेना मळसूत्राने बसविलेली, आणि मागच्या बाजूस यूएसबीचे टोक. या डबीची पहिली आवृत्ती उघडली तर आत अॅथेरॉस कंपनीची एआर९२७१ नावाची चिप दिसते. दुसऱ्या आवृत्तीत मात्र रिअलटेक कंपनीची निराळीच चिप आहे. बाहेरून पाहणाऱ्यास दोघी जुळ्या बहिणी. नाव तेच, रूप तेच. ज्याला घरी बसून पत्रे पाठवावयाची आहेत त्याला या फरकाशी काही कर्तव्य नाही. परंतु या यंत्राला चालविणारे सॉफ्टवेअर ज्याला स्वतः वाचावयाचे, सुधारावयाचे किंवा नव्याने लिहावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने एक उघडे पुस्तक आहे आणि दुसरे अर्धे शिवून बंद केलेले आहे. पैसे दोहोंसाठी साधारण सारखेच पडतात. वाया जातात ते महिने.

झाशी म्हटले की मराठी श्रोत्यांस १८५७ आठवते, आणि विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ ज्यांनी वाचला आहे त्यांना त्या काळचे शहरही आठवते. आजच्या झाशीत १९८६ साली स्थापन झालेली बुंदेलखंड अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे, आणि गावातली अनेक मुले संगणकाच्या कर्नेलमध्ये डोकावू लागली आहेत. त्यांतील काही आपल्या जुन्या मराठी वस्त्यांतील आहेत. या मुलांचा प्रश्न बहुधा एकच असतो: बिनतारी यंत्राचा ड्रायव्हर लिहावयास शिकावयाचे आहे, किंवा एखादे नवे बिनतारी उपकरण प्रायोगिक स्वरूपात बनवावयाचे आहे, तर विकत काय घ्यावे? झाशी ही दिल्ली-मुंबई लोहमार्गावर आहे. दिल्लीचे लाजपतराय मार्केट सुमारे चारशे किलोमीटरवर आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड त्याच्या कितीतरी पट दूर. चुकीची वस्तू आली तर जाऊन बदलून आणणे सोपे नव्हे. म्हणून निवड आधी, खरेदी नंतर.

प्रथम ड्रायव्हर म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. हत्ती आणि त्याचा माहूत यांची जोडी डोळ्यांपुढे आणावी. राजाला म्हणजे संगणकाच्या मुख्य प्रणालीला इतकेच ठाऊक असते की पुढे जावयाचे आहे. त्या हत्तीला कोणत्या कानामागे पाय लावला म्हणजे तो वळतो, हे माहुताला ठाऊक असते. ड्रायव्हर हा तो माहूत. चिपच्या कोणत्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्टरमध्ये, कोणता आकडा लिहिला असता ती कोणत्या वाहिनीवर बोलू लागते, हे ज्ञान ड्रायव्हरमध्ये साठविलेले असते. हे ज्ञान सर्वांसाठी लिहून ठेवलेले असेल तर तो ड्रायव्हर मुक्तस्रोत. ते कंपनीच्या तिजोरीत असेल तर आपण हत्ती विकत घेतला, पण माहूत मात्र भाड्याचा.

ही उपमा एके ठिकाणी अपुरी पडते. आजच्या बहुतेक बिनतारी चिपांच्या पोटात एक छोटा संगणक असतो आणि त्यात आणखी एक प्रोग्रॅम चालतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. म्हणजे माहुताखाली दुसराही एक माहूत. संगणक सुरू होताना ड्रायव्हर हे फर्मवेअर चिपमध्ये भरतो आणि मग त्याच्याशी बोलतो. आता प्रश्न असा की दोघांत कामाची वाटणी कशी झाली आहे? काही चिपांत जोडणी करणे, परवलीचा शब्द तपासणे, पुन्हा प्रयत्न करणे ही सर्व कारभारी कामे संगणकावरच्या ड्रायव्हरकडे असतात. या जातीला सॉफ्टमॅक म्हणतात. दुसऱ्या जातीत, म्हणजे फुलमॅकमध्ये, ही कामे चिपच्या पोटातच उरकली जातात आणि ड्रायव्हरला केवळ ‘अमुक जाळ्याशी जोड’ एवढा हुकूम देता येतो. लिनक्समध्ये २००७ सालापासून मॅक८०२११ नावाची एक सामायिक चौकट आहे. सॉफ्टमॅक ड्रायव्हर तिच्यावर उभे राहतात. शिकावयाचे असेल, प्रोटोकॉलमध्ये हात घालावयाचा असेल, तर सॉफ्टमॅक चिपच घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. रास्पबेरी पाय हा लोकप्रिय छोटा संगणक अन्य कामांस उत्तम. परंतु त्यावरील बिनतारी चिप फुलमॅक जातीची आहे. जर्मनीतील डार्मस्टाट येथील संशोधकांनी नेक्समॉन नावाचा प्रकल्प करून तिचे फर्मवेअर बदलून दाखविले ही गोष्ट खरी, पण तो पहिल्या वर्षाचा अभ्यास नव्हे.

मुक्त ड्रायव्हरांचा इतिहास फार जुना नाही, आणि तो ठाऊक असल्यावाचून निवडीचे मर्म कळत नाही. २००२ च्या अखेरीस लिंक्सिस कंपनीने डब्ल्यूआरटी५४जी नावाचा एक राउटर विकावयास काढला. आत लिनक्स आहे हे लोकांच्या ध्यानात आले. लिनक्सच्या परवान्याप्रमाणे मूळ प्रोग्रॅम देणे कंपनीस बंधनकारक होते, आणि २००३ साली तो द्यावा लागला. त्यातूनच २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प जन्मास आला. पण पुढचा भाग अधिक बोधक आहे. २००५ च्या अखेरीस याच राउटरच्या पाचव्या आवृत्तीत कंपनीने स्मृती निम्मी केली आणि लिनक्स काढून दुसरीच प्रणाली घातली. नाव मात्र डब्ल्यूआरटी५४जी हेच ठेवले. पुढे लिनक्सवाल्यांसाठी नावाअखेर एक ‘एल’ जोडून निराळा राउटर विकला गेला. सांगावयाचे असे की टीएल-डब्ल्यूएन७२२एनची गोष्ट अपवाद नव्हे. या धंद्यात खोक्यावरचे नाव ही विक्रीची खूण आहे, आतल्या यंत्राची नव्हे.

अॅथेरॉसची कथा याहून वेगळी. प्रारंभी तिच्या चिपांसाठी मॅडवायफाय नावाचा ड्रायव्हर होता, पण त्याच्या पोटातील ‘हॅल’ हा भाग बंद पेटीसारखा दिला जाई. ओपनबीएसडी प्रकल्पातील राइक फ्लॉटर यांनी २००४ च्या सुमारास त्या पेटीचे काम ओळखून स्वतःचा खुला भाग लिहिला. तोच पुढे वाढत जाऊन २००८ साली एथ५के या नावाने लिनक्समध्ये आला. त्याच वर्षी कंपनीचे धोरण पालटले आणि तिने स्वतःच एथ९के हा खुला ड्रायव्हर दिला. या ड्रायव्हरखाली चालणाऱ्या पीसीआय जातीच्या चिपांना फर्मवेअर भरावेच लागत नाही. वरपासून तळापर्यंत सर्व काही वाचता येते. यूएसबी जातीच्या एआर९२७१ ला फर्मवेअर लागते, परंतु २०१३ साली त्याचाही मूळ प्रोग्रॅम खुला करण्यात आला. बिनतारी जगात असे क्वचितच घडले आहे. ब्रॉडकॉमच्या चिपांसाठी स्वयंसेवकांना उलट्या दिशेने शोध घेऊन बी४३ हा ड्रायव्हर बनवावा लागला, आणि इटलीतील ब्रेशिया येथील संशोधकांनी तिच्यातील काही जुन्या चिपांसाठी खुले फर्मवेअर रचले. हे श्रम आदरास पात्र आहेत. मात्र नवशिक्याने त्या वाटेने आरंभ करू नये.

आता कोणी म्हणेल, एआर९२७१ ही तर जुनी चिप. ती केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आणि फार तर सेकंदाला १५० मेगाबिट या नाममात्र वेगाने बोलते. आजची चिप याच्या कित्येक पट वेगवान आहे. हा आक्षेप रास्त वाटतो, परंतु तो ग्राहकाचा आक्षेप आहे. शल्यविद्येच्या विद्यार्थ्याने पळण्याच्या शर्यतीतला घोडा मागावा तसा. ज्याला नवी चिपच हवी त्याने मीडियाटेकच्या एमटी७६ कुटुंबाकडे पाहावे. तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य कर्नेलमध्ये आहे, ओपनडब्ल्यूआरटीचे जुने कार्यकर्ते फेलिक्स फीटकाऊ यांचा त्यात मोठा वाटा आहे, आणि यूएसबी व पीसीआय अशा दोन्ही जातींच्या चिपा त्याखाली चालतात. फर्मवेअर बंद आहे, ही उणीव राहतेच. इंटेलच्या चिपा लॅपटॉपमध्ये सर्वत्र सापडतात व त्यांचा ड्रायव्हरही मुख्य कर्नेलमध्ये आहे. परंतु आपण कोणत्या देशात आहो याचा निर्णय तेथे फर्मवेअर करते, आणि म्हणून ५ गिगाहर्ट्झवर स्वतःचे प्रक्षेपण-केंद्र चालवू पाहणाऱ्याला ते बहुधा अडविते. प्रयोग करणाऱ्यास ही चिप सोयीची नाही.

मुख्य कर्नेलमध्ये ड्रायव्हर असणे आणि दुकानदाराने ‘लिनक्सवर चालते’ असे सांगणे यांत फार अंतर आहे. दुकानदाराचे म्हणणे पुष्कळदा एवढ्यावरच आधारलेले असते की कोण्या एका काळच्या कर्नेलसाठी कंपनीने एक गाठोडे दिले होते. कर्नेल पुढे सरकला की गाठोडे सुटत नाही. म्हणून डबी हाती येताच यूएसबीची ओळखखूण पाहावी. टीएल-डब्ल्यूएन७२२एनची पहिली आवृत्ती ०सीएफ३:९२७१ अशी खूण दाखविते. दुसरी २३५७:०१०सी अशी. ही आठ अक्षरे खोक्यावरच्या सर्व जाहिरातीपेक्षा अधिक खरे बोलतात. विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून आवृत्तीचा आकडा लेखी मागून घ्यावा, आणि परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी खूण तपासावी.

एवढ्या बारकाव्याने चिप निवडण्याचे कारण पालघरच्या एका प्रयोगावरून चांगले उमगते. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक अभय करंदीकर व त्यांचे सहकारी यांनी ग्राममार्ग नावाचा प्रकल्प हाती घेतला. पालघर भागातील खामलोली आणि आसपासची गावे. तारांचे जाळे तेथवर पोचलेले नव्हते, आणि मध्ये झाडी व चढउतार असल्यामुळे २.४ गिगाहर्ट्झची लहर अडखळे. दूरदर्शनसाठी राखलेला ४७० ते ५९० मेगाहर्ट्झचा पट्टा मात्र बहुतांशी मोकळा पडला होता. या गटाने केलेल्या गणितात असे आढळले की त्या पट्ट्यातील पंधरा वाहिन्यांपैकी निदान बारा देशात जवळजवळ सर्वत्र रिकाम्या आहेत. लांब लहर झाडीतून अधिक सहज वाट काढते. मग त्याच पट्ट्यात गावागावांना का जोडू नये? खास प्रायोगिक परवान्याखाली सात गावांत ही चाचणी झाली. पुढे ५.८ गिगाहर्ट्झचे वाय-फाय वापरून पंचवीस गावांपर्यंत काम वाढविण्यात आले, आणि २०१७ साली मोझिला संस्थेच्या स्पर्धेत ग्राममार्गला पहिले पारितोषिक मिळाले.

आता यांत्रिक अडचण पाहा. दूरदर्शनच्या पट्ट्यासाठी स्वस्त बिनतारी संच बाजारात तयार मिळत नाही. वाय-फायची चिप मात्र लाखांनी बनते, म्हणून काही शेकडा रुपयांत मिळते. युक्ती अशी की वाय-फायचीच चिप घ्यावयाची, तिच्यातून निघालेला २.४ गिगाहर्ट्झचा संदेश एका मंडलाने खाली दूरदर्शनच्या पट्ट्यात उतरवावयाचा, आणि सॉफ्टवेअर म्हणून ओपनडब्ल्यूआरटी वापरावयाचे. परंतु वाय-फायची वाहिनी साधारणतः २० मेगाहर्ट्झ रुंद, आणि दूरदर्शनची ८. विसाचा पाहुणा आठाच्या खोलीत मावेल कसा? यासाठी चिपचे आतले घड्याळ चौपट मंद करावे लागते. मग तीच वाहिनी ५ मेगाहर्ट्झात आवळली जाते, व वेगही त्याच प्रमाणात उतरतो. अॅथेरॉसच्या चिपांत ही सोय आहे आणि खुल्या ड्रायव्हरातून ती वापरता येते. बंद ड्रायव्हर असता तर चिप तीच, मंडल तेच, गावे तीच असूनही, घड्याळाचा तो एक आकडा बदलण्यासाठी परदेशातील कंपनीस पत्र लिहून वाट पाहावी लागली असती; आणि दहापाच चिपा घेणाऱ्या ग्राहकाच्या पत्रास कोण उत्तर देतो?

ज्यास प्रायोगिक उपकरण बनवावयाचे आहे त्याने चिपखेरीज फळीचाही विचार करावा. पहिली कसोटी अशी की यंत्र बिघडल्यावर ते आपल्याला पुन्हा उठविता येते काय? ड्रायव्हर लिहिणारा मनुष्य आपले यंत्र आठवड्यातून दोनदा तरी मूर्च्छित पाडतोच. त्या वेळी फळीवरची सिरियल जोडणी हाच एक आधार. तीन तारा लागतात: भूमी, जाणारी व येणारी. चौथी, विजेची तार, जोडू नये. आणि जोडणीचे साधन ३.३ व्होल्टचे असावे. ५ व्होल्टचे लावले तर चिप दगावू शकते. २०२४ साली ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पाने सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या साहाय्याने ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’ नावाचा स्वतःचा राउटर काढला. त्यात मीडियाटेकची चिप, एक गिगाबाइट स्मृती, आणि मुख्य म्हणजे दोन निरनिराळ्या साठवणी आहेत. एकीत रोजची प्रणाली, दुसरीत लिहिण्यास अडसर घातलेली संजीवनी. त्याची किंमत त्या वेळी सुमारे ८९ डॉलर होती. ज्याला ती परवडत नाही त्याने ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत असलेला जुना राउटर घ्यावा, पण ४ मेगाबाइट साठवण व ३२ मेगाबाइट स्मृती असलेला फुकट मिळाला तरी घेऊ नये. आजची प्रणाली त्यात मावत नाही. १६ आणि १२८ हे आकडे धरून चालावे.

दुसरी गोष्ट, एक यंत्र घेऊन भागत नाही. ज्याच्यावर काम चालले आहे ते एक, त्याच्याशी बोलणारे व भरवशाचे दुसरे, आणि दोघांचे संभाषण तटस्थपणे ऐकणारे तिसरे. या तिसऱ्याला मॉनिटर पद्धतीने ऐकता आले पाहिजे. दोनच यंत्रे असली की चूक बोलणाऱ्याची की ऐकणाऱ्याची, हे कधीच ठरत नाही. मग नवराबायकोच्या भांडणातल्या शेजाऱ्यासारखी आपली स्थिती होते. म्हणून एक महागडी डबी घेण्यापेक्षा तीन स्वस्त डब्या घ्याव्यात, आणि त्या वेगवेगळ्या चिपांच्या असल्या तर बरेच.

नवशिक्याने यूएसबी घ्यावी की पीसीआय? यूएसबीवरून जाणारायेणारा प्रत्येक निरोप कर्नेलच्याच साधनाने टिपून ठेवता येतो, आणि डबी काढून पुन्हा लावणे सोपे असते. पीसीआय चिपेत चिप आणि मुख्य स्मृती यांचा थेट व्यवहार असतो; तेथे एक चूक झाली की सारा संगणक गारठतो. शिकण्यास यूएसबी, पुढे पीसीआय, हा क्रम योग्य. यूएसबी २.० च्या खाचेतून ५०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळावयाचा असतो, आणि जोराने प्रक्षेपण करणारी डबी त्याहून अधिक मागू शकते. प्रवाह अपुरा पडला की डबी मधूनच नाहीशी होते, आणि विद्यार्थी आठ दिवस आपल्या प्रोग्रॅममध्ये दोष शोधीत बसतो. स्वतःची वीज असलेला हब आधी घ्यावा.

वस्तुतः पहिले काही आठवडे काहीच विकत न घेताही काम चालते. लिनक्समध्ये मॅक८०२११_एचडब्ल्यूसिम नावाचा एक भाग आहे. तो चालू केला की संगणकात खोट्या बिनतारी यंत्रांच्या जोड्या उभ्या राहतात आणि त्या एकमेकींशी खऱ्यासारख्या बोलतात. मॅक८०२११ ची चौकट येथे फुकट शिकता येते. दुसऱ्या टोकास, ज्याला चिपच्याही पलीकडे जावयाचे आहे त्याच्यासाठी बेल्जियममधील गेंट येथे रचलेला ओपनवायफाय हा प्रकल्प आहे. त्यात वाय-फायची संपूर्ण चिपच पुन्हा रचता येणाऱ्या तर्कमंडलावर खुली लिहिली आहे. मात्र त्याला लागणारी फळी एका विद्यार्थ्याच्या खिशास झेपणारी नाही. महाविद्यालयाने ती घ्यावी.

कायद्याचे भान राखणे अवश्य आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ च्या जानेवारीत परवान्यातून मुक्त झाला. प्रक्षेपकाची शक्ती १ वॅटपर्यंत आणि अँटेनाचा लाभ धरून ४ वॅटपर्यंत, ही त्याची मर्यादा. ५ गिगाहर्ट्झमधील पट्टे २०१८ साली घराबाहेरच्या उपयोगासाठीही विस्तृत प्रमाणात मोकळे झाले. लोरासारख्या मंदगती पण दूरगामी यंत्रांसाठी आपल्याकडे ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा अरुंद पट्टा आहे. परदेशी दुकानांतून ९१५ मेगाहर्ट्झचे संच स्वस्तात येतात. ते अमेरिकेसाठी आहेत, आपल्या येथे लावावयाचे नाहीत. आयात होणाऱ्या संचास केंद्र सरकारच्या बिनतारी नियोजन विभागाची प्रकार-मान्यता आहे की नाही हेही पाहावे. खुल्या ड्रायव्हरने शक्तीचा आकडा आपल्या हाती येतो हे खरे, म्हणून तो वाटेल तसा वाढवावा असे नव्हे; शेजारच्या घरात कोणी आपल्या वैद्याशी बोलत असेल.

यावर उपाय असा की प्रारंभीचे प्रयोग हवेतून न करता तारेतून करावेत. दोन यंत्रांच्या अँटेना काढून ती समाक्ष तारेने जोडावीत. मात्र मध्ये क्षीणक घातलाच पाहिजे. १०० मिलिवॅट म्हणजे २० डीबीएम. ऐकणाऱ्यास उणे ५० च्या आसपास सुखाने ऐकू येते. तेव्हा सुमारे ७० डेसिबेल घट हवी. ती न घालता जोडले तर ऐकणाऱ्याचा कान फुटतो. तारेची टोके घेताना एसएमए आणि आरपी-एसएमए यांतील भेद पाहावा. दिसावयास सारखी, पण आतली सुई एकीत असते आणि दुसरीत नसते. फळीवरची यू.एफएल नावाची इवली टोके तर साधारण तीस वेळा काढण्याघालण्यापुरतीच बनविलेली असतात.

राहता राहिला झाशीचा उन्हाळा. येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि गच्चीवरील बंद पेटीत त्याहून पुष्कळ वर. सामान्य दर्जाच्या चिपा बहुधा ७० अंशांपर्यंतच्याच हमीने विकल्या जातात. तापलेली चिप प्रथम मंदावते, मग निरोप गाळू लागते, आणि हे सारे ड्रायव्हरच्या दोषासारखे दिसते. गच्चीवर लावावयाचे असेल तर औद्योगिक दर्जाची चिप घ्यावी, पेटी पांढरी असावी, आणि प्रत्येक चाचणीच्या नोंदीत वेळेबरोबर तापमानही लिहावे.